मॅच एअर पिस्तूल, नऊ महिने वापरल्यानंतर: ग्रिप, ट्रिगर आणि पेलेटचा अनुभव

नऊ महिने झाले हे पिस्तूल हातात येऊन. आठवड्याला पाच दिवस रेंज, रोज साठ-सत्तर पेलेट (शिशाचे छोटे छर्रे), म्हणजे बारा हजारांच्या वर शॉट झालेत, घरचं ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगरचा सराव) वेगळंच. आता काहीतरी खात्रीने लिहिता येईल असं वाटतंय. मॉडेलचं नाव टाकत नाहीये, कारण या वर्गातली सगळी पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) पिस्तुलं बॅरलच्या बाबतीत आपल्यापेक्षा फार पुढे असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही मॉडेलला लागू पडतं. माझं सेकंडहँड आहे, ग्रिप मीडियम आणि माझा हात लहान, हे आधीच सांगून ठेवते कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पहिले दोन आठवडे मी पेलेटच्या मागे घालवले. ४.४८, ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा चार हेड साइजच्या (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीत) डब्या आणल्या, पिस्तूल लाकडाचे तुकडे लावून व्हाइसमध्ये (टेबलाला लावायच्या पकडीत) धरलं आणि प्रत्येक डबीचे दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारले (ग्रुप म्हणजे छिद्रांचा पसारा, जितका लहान तितका चांगला). सगळ्यात चांगली ४.४९ निघाली, ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण साडेसहा मिमी, आणि सगळ्यात वाईट डबीचा ९ मिमी. मी खूश. पण मग कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि पेलेटची कड नुसती रेषेला लागली तरी १० धरतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की १०. व्हाइसमध्ये माझी सगळ्यात वाईट डबीसुद्धा आरामात सगळे १० मारत होती! दोन डब्यांमधला फरक खरा आहे, दशांशात मोजतात तिथे तो दिसेलही, पण माझे ८ आणि ७ पेलेटमुळे जात नव्हते एवढं नक्की. आता मी एकच ४.४९ घेते, एकाच लॉटच्या डब्या, आणि भरताना फक्त स्कर्ट (पेलेटची मागची पातळ कड) चेपलेला नाही ना एवढं बघते, चेपलेला असला की बाजूला टाकते. वजन करून वेगळे काढणं वगैरे सोडून दिलं.

मग ७ कुठून येत होते? माझ्या पिस्तुलात फ्रंट साइट (बॅरलच्या टोकाची नेम धरायची पट्टी) आणि रिअर साइट (मागची, मध्ये नॉच म्हणजे खाच असलेली) यांच्यामधलं अंतर ३२० मिमी आहे. हात संपूर्ण तसाच्या तसा ५ मिमी बाजूला हलला, साइट मात्र सरळ राहिली, तर टार्गेटवर पण ५ मिमीच चूक होते, म्हणजे अजून १० च आहे. पण फ्रंट साइट नॉचमध्ये फक्त १ मिमी डावीकडे सरकली तर १० मीटरवर ती चूक ३१ मिमी होते, आणि ३१ मिमी म्हणजे थेट ७. हे कोच सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, पण स्वतः भागाकार करून बघितल्यावर जे अंगात भिनलं ते नुसतं ऐकून नव्हतं भिनलं. हात हलणारच, त्याला घाबरायचं कारण नाही, मनगटातून साइट वळता कामा नये. आणि मनगट वळवते कोण तर न बसणारी ग्रिप.

तेव्हापासून खरं काम सुरू झालं. टेस्ट साधी आहे, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, सेफ्टी दोरी (बॅरल रिकामं आहे हे दाखवणारी) घालून, डोळे मिटायचे, हात वर करायचा, दोन श्वास थांबायचं, डोळे उघडायचे. माझी फ्रंट साइट दर वेळी नॉचच्या डाव्या भिंतीला टेकलेली आणि थोडी खाली. दर वेळी, दहापैकी नऊदा तरी. म्हणजे साठ शॉट मी साठ वेळा मनगटाने ती मध्ये आणत होते आणि ट्रिगर दाबताना लक्ष ट्रिगरकडे गेलं की मनगट आपल्या जागेवर परत जायचं. माझे शॉट घड्याळात साडेसात वाजतात त्या बाजूला का जातात याचं उत्तर तिथे होतं, आणि मी दोन महिने रिअर साइटचे स्क्रू फिरवत बसले होते.

ग्रिपवर काम करताना घाई अजिबात करू नका. मी तळहातावर थोडा खडू चोळून ग्रिप धरायचे आणि सोडायचे, मग दिसतं कुठे लागतंय आणि कुठे पोकळ आहे. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड जास्त होतं, ते आधी कानसेने आणि मग पॉलिश पेपरने उतरवलं, एका वेळी अर्धा मिमीच्या वर नाही, आणि मधल्या बोटाखाली वूड पुटी भरली. एकदा उत्साहात जास्त कापलं गेलं, परत पुटी लावून वाळायला रात्रभर ठेवावं लागलं. खालची पाम शेल्फ (तळहाताखालची वरखाली सरकणारी पट्टी) घट्ट वर आणली की पिस्तूल हाताला चिकटल्यासारखं वाटतं, छान वाटतं, पण पंधरा मिनिटांत बोटं बधिर होतात, म्हणून एक कागद सरकेल इतकी जागा ठेवलीये. आणि ग्रिपने हाताला वेढा घातलेला चालत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, हा नियम पुटी लावतानाच डोक्यात ठेवा. हे सगळं चार महिने चाललं, दर बदलानंतर किमान दोन आठवडे काहीच हलवायचं नाही असं ठरवून. डोळे मिटून हात वर केला आणि उघडल्यावर फ्रंट साइट नॉचच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, हे पहिल्यांदा झालं तो दिवस मला अजून आठवतो, मी गोळी न मारता तशीच उभी राहिले होते.

ट्रिगरबद्दल. नियमाने तो सुटायला किमान ५०० ग्रॅमचा भार लागला पाहिजे. आधीच्या मालकाने ५०५ वर ठेवलेलं होतं, मीही तसंच ठेवलं, कारण हलकं म्हणजे चांगलं असं डोक्यात होतं. एका मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (मॅचआधीच्या साहित्य तपासणीत) पिस्तूल कॉक करून बॅरल उभं धरलं, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून उचललं आणि ट्रिगर सुटला, म्हणजे नापास. परत तेच. बाहेर येऊन ॲलन कीने घाईघाईत वेट वाढवलं, पास झालं, पण घाईत सेकंड स्टेजचा (ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, त्यातल्या दुसऱ्या टप्प्याचा) स्क्रूही हलला होता आणि अख्खी मॅच ट्रिगर घसरत घसरत सुटत होता, कुठे सुटेल तेच कळत नव्हतं. चूक माझीच, पण त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता ५२५ वर आहे, त्यातले साधारण ३८० फर्स्ट स्टेजला, बाकीचे सेकंडला, म्हणजे बोटाने बराचसा भार आधीच उचललेला असतो आणि शेवटी थोडंसंच उरतं. वीस ग्रॅमचा फरक बोटाला कळतसुद्धा नाही हो. त्यापेक्षा ट्रिगरची पट्टी कुठे आहे याने जास्त फरक पडला. ती ३ मिमी मागे घेतली, तेव्हा बोटाचा मधला मऊ भाग सरळ मागे ओढायला लागला, नाहीतर लहान हातामुळे टोकानेच ओढत होते आणि पिस्तूल बाजूला ढकललं जात होतं.

देखभालीचं थोडक्यात. पाचव्या महिन्यात सिलिंडरच्या जोडाला हवा गळायला लागली, एक ओ-रिंग बदलली, झालं. हँडपंपने भरत असाल तर ओलावा काढणारा फिल्टर लावा. हवा सावकाश भरा, भरभर भरली की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर प्रेशर खाली येतं. साधं तेल हवेच्या मार्गात कुठेही नको, दाबाखाली पेट घेऊ शकतं, सिलिकॉन ग्रीसच वापरा. सुट्या ओ-रिंग, ॲलन की आणि दुसरा सिलिंडर बॅगेत कायम असतो. टोकियो ऑलिंपिकला क्वालिफिकेशनच्या ऐन मध्यात मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि बराच वेळ त्यात गेला, तीच पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये ह्याच प्रकारात ब्राँझ घेऊन आली, पण त्या टोकियोच्या मिनिटांचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी सिलिंडरवरची तारीख आधी बघा, वापराची मुदत त्यावर कोरलेली असते आणि ती संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, मॅचमध्ये तर नाहीच. माझे पुढच्या वर्षी संपतायत, दोन्ही बदलणार. बाकी आता स्क्रू कुठलाच हलवत नाहीये. फक्त उन्हाळ्यात हात थोडा सुजतो आणि अंगठ्याच्या मुळाशी ग्रिप परत आवळते असं गेल्या आठवड्यापासून जाणवतंय, तिथे अजून पाव मिमी उतरवायचंय, पण ते सकाळी गार हाताने नाही, दुपारी अर्धा तास होल्ड केल्यानंतरच.