क्रोसाँचे गरम सँडविच: भरून भाजावे की भाजून भरावे?

न्याहारीला क्रोसाँचे गरम सँडविच घरी करायचे ठरवले की पहिला प्रश्न बहुधा उपकरणाचा येतो: तवा पुरेल का, ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारी घरगुती छोटी भट्टी, लावावा का, की एअर फ्रायर विकत घ्यावा. माझ्या मते त्याआधी ठरवायची गोष्ट निराळी आहे. सारण आत घालून क्रोसाँ भाजायचा, की क्रोसाँ आणि सारण वेगवेगळे गरम करून शेवटच्या क्षणी एकत्र आणायचे? या दोन पद्धतींतून दोन वेगळे पदार्थ तयार होतात आणि आपल्याला त्यांतला कोणता हवा आहे हे ठरले की उपकरणाची निवड बरीचशी सोपी होते.

क्रोसाँच्या पिठात लोण्याची लादी गुंडाळून त्याला साधारणपणे तीन वेळा तिहेरी घडी घातली जाते, म्हणजे लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती हे थर उचलते आणि भाजून झाल्यावर बाहेरचे पापुद्रे कोरडे, ठिसूळ होतात. खुसखुशीतपणा म्हणतो तो याच पापुद्र्यांचा गुण आणि ओलाव्यापुढे तो टिकत नाही. अंडे, टोमॅटो, मशरूम, पालक यांपैकी काहीही गरम झाले की वाफ सोडते. ती बंद क्रोसाँत कोंडली की वरचा पापुद्रा मऊ पडतो आणि तळाचा भाग चहात बुडवलेल्या पावासारखा ओला होतो. घरच्या क्रोसाँ सँडविचबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या कोंडलेल्या वाफेत आहे.

भरून भाजण्याची पद्धत फ्रान्समध्ये रुळलेली आहे. तिथल्या बेकऱ्यांत हॅम आणि चीज भरलेला क्रोसाँ मिळतो, त्यात पुष्कळदा बेशामेल, म्हणजे लोण्यावर परतलेला मैदा दुधात शिजवून केलेला दाट पांढरा सॉस, असतो. वरूनही थोडे किसलेले चीज पसरून तो भट्टीत भाजतात. या पदार्थाकडून कुरकुरीत पापुद्र्यांची अपेक्षाच नसते. वरचे चीज खरपूस होते, आतला गर सॉस पिऊन मऊ होतो आणि तो काट्या-चमच्याने खाल्ला तरी शोभतो. हॅम न खाणाऱ्यांनी त्याऐवजी लोण्यावर कोरडे होईपर्यंत परतलेले मशरूम घ्यावेत. बेशामेलशी त्यांची जोडी मला हॅमपेक्षाही सरस वाटते. भाजून भरण्याची पद्धत अमेरिकी न्याहारीच्या अंगाने जाते. बर्गर किंगने १९८३ साली तिथे ‘क्रोसानविच’ आणला आणि अंडे, चीज व मांसाचा काप घातलेला क्रोसाँ हातात धरून खायची न्याहारी म्हणून सर्वदूर पोहोचला. सकाळी घाई असेल, घरी अंडी असतील आणि पापुद्र्यांचा आवाज ऐकू यायला हवा असेल, तर मी निःसंकोचपणे ही दुसरी पद्धत सुचवेन. पहिली पद्धत रविवारची आहे, आणि आदल्या दिवशीचे क्रोसाँ उरले असतील तेव्हाची.

आता उपकरणे. भरून भाजायचे असेल तर ओटीजीला खरा पर्याय नाही. दहा मिनिटे आधी तापवून १७० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवल्यास सॉस आतपर्यंत गरम होतो आणि चीज वितळून हलके तांबूस होते. भाजून भरण्यासाठीही ओटीजी उत्तम आहे, कारण चार किंवा सहा क्रोसाँ एकाच वेळी सारखे गरम होतात: १६० अंशांवर पाच-सहा मिनिटे. मात्र एका क्रोसाँसाठी दहा मिनिटे ओटीजी तापवणे वेळेच्या आणि विजेच्या दृष्टीने परवडत नाही.

एक-दोन माणसांच्या घरात एअर फ्रायर या कामाला चांगला उतरतो. १५० अंशांवर तीन मिनिटे पुरतात आणि गरम हवा सतत फिरत असल्यामुळे पापुद्रे लवकर कोरडे होतात. त्याचे दोन दोष आधीच माहीत असावेत. क्रोसाँ मुळातच भाजलेला आणि वरून अंड्याचा किंवा दुधाचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे तापमान १८० वर ठेवले तर आत ऊब पोहोचण्याआधी पाठ काळी पडते. दुसरा दोष पंख्याचा आहे. कापलेल्या क्रोसाँचा वरचा अर्धा भाग आणि चीजची पातळ चकती त्या झोतात उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटू शकते. म्हणून क्रोसाँ एका बाजूने जोडलेला राहील असा कापावा आणि चीज एअर फ्रायरमध्ये घालूच नये.

तव्याला लोक उगाच कमी लेखतात. घरात ओटीजी किंवा एअर फ्रायर नसेल, तर केवळ या सँडविचसाठी तो घेण्याची गरज नाही. क्रोसाँ आडवा चिरून उघडावा आणि कापलेली बाजू खाली करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर दीड-दोन मिनिटे ठेवावा. वेगळे लोणी लागत नाही, कारण ते क्रोसाँत भरपूर असते आणि उष्णतेने पृष्ठभागावर येते. आतली बाजू अशी भाजली गेल्याने तिच्यावर पातळ, खरपूस साय धरते आणि पुढे सारणाचा ओलावा काही काळ तीच अडवते. हा फायदा ओटीजीतही तितकासा मिळत नाही. मग उलटून बाहेरची बाजू फक्त अर्धा मिनिट शेकावी. झाकण ठेवू नये, कारण झाकणाला धरलेली वाफ थेंबांच्या रूपाने परत क्रोसाँवर पडते.

मायक्रोवेव्हमध्ये क्रोसाँ गरम होतो, पण खुसखुशीत होत नाही. वीस सेकंदांपुढे गेला तर निवल्यावर चामट होतो. सँडविच टोस्टर आणि ग्रिल वरून दाबतात, त्यामुळे ताज्या क्रोसाँचे थर चिरडले जातात आणि ज्यासाठी त्याला पावापेक्षा जास्त पैसे मोजले ते हातचे जाते. दोन दिवसांच्या वातड क्रोसाँच्या बाबतीत मात्र माझे मत उलट आहे. त्याचे थर असेही बसलेले असतात, आणि दाबून भाजल्यावर आतले लोणी सुटून तो बाहेरून तळल्यासारखा कडक आणि किंचित गोडसर होतो. चीज आणि मोहरीचा सॉस एवढेच घालून केलेले असे चपटे सँडविच शिळ्या क्रोसाँचे सोने करते.

तव्यावर काम करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्रोसाँ शेकून जाळीवर ठेवावा. ताटलीत ठेवल्यास खालून घाम धरतो. मग त्याच तव्यावर अंडे करावे, कारण अंडे दोन मिनिटांत होते आणि तितक्याच लवकर निवते. पातळ ऑम्लेट क्रोसाँच्या मापाने घडी करून त्यावर चीजची चकती ठेवली की ती अंड्याच्याच उष्णतेने वितळते आणि अंडे व क्रोसाँ यांच्यामध्ये सांधा धरते. चीज प्रक्रिया केलेले असेल आणि क्रोसाँत खारे लोणी असेल, तर अंड्यात मीठ जवळजवळ नकोच. हाफ फ्राय ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर घालावा, पण पिवळा बलक फुटला की तो थरांत शिरतो, म्हणून ते सँडविच त्याच क्षणी खायचे असते. कांदा-टोमॅटोची भुर्जी मी सुचवणार नाही. ती पाणी सोडते आणि तिला पावच न्याय देतो. तसेच गोव्याच्या चोरिसाचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजचे: त्याची मसालेदार चरबी शोषायला पोईसारखा कोरडा, कोंड्याचा पाव हवा, लोण्याने आधीच भरलेला क्रोसाँ नव्हे. अंडे न खाणाऱ्यांसाठी तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस केलेले पनीरचे जाड काप चांगले, आणि हिरवी चटणी लावायची तर क्रोसाँला न लावता पनीरवर, घट्ट वाटलेली. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून, पुसून घ्यावा.

इतकी काळजी घेऊनही सँडविच फसू शकते, जर मुळात क्रोसाँ लोण्याचा नसेल. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तोंडाच्या उष्णतेने विरघळून जाते. स्वस्त क्रोसाँत वापरलेली बेकरी मार्गारिन बहुधा त्याहून जास्त तापमानाला वितळते आणि टाळ्याला मेणासारखा लेप मागे ठेवते. बंद पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैद्यानंतर लोणी आहे की वनस्पतिजन्य चरबी, एवढे वाचले तरी बरेच कळते. पाकिटातले टिकाऊ मऊ क्रोसाँ गोड आणि ओलसर असतात. ते या सँडविचसाठी घेऊ नयेत. शाकाहारी घरांनी खुणेचा ठिपकाही पाहावा, कारण पाठीवरची चकाकी अनेकदा अंड्याची असते.

बेकरीतला ताजा क्रोसाँ आणि गोठवलेला कच्चा क्रोसाँ यांत निवडायचे झाल्यास ताजा घेऊन स्वतः गोठवणे सर्वांत सोयीचे. आणल्या दिवशीच आडवा चिरून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर चांगला राहतो आणि तसाच थेट ओटीजीत १६० अंशांवर आठ-दहा मिनिटांत तयार होतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. त्या थंडीत स्टार्च लवकर ताठरतो आणि क्रोसाँ बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा होतो. गोठवलेल्या कच्च्या क्रोसाँचे काही प्रकार रात्रभर बाहेर फुगवावे लागतात, आणि मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात तिथेच घात होतो: स्वयंपाकघर तिशीच्या पुढे असते, पीठ फुगण्याआधी लोणी पाझरू लागते आणि सकाळी थर सांडलेल्या तुपात बसलेले दिसतात. ते डिसेंबरमध्ये करावेत. मैद्यापासून सगळे घरी करणे हा दोन दिवसांचा स्वतंत्र उद्योग आहे, न्याहारीच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

रोज करावे का, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. लोण्याच्या १०० ग्रॅम क्रोसाँत सुमारे ४०० कॅलरी आणि २१ ग्रॅम स्निग्धांश असतो. साठ ग्रॅमचा एक क्रोसाँ, एक अंडे आणि चीजची एक चकती मिळून पावणेचारशे कॅलरींच्या आसपास जातात. आठवड्यातून एकदा-दोनदा हे ठीक आहे. त्याच दिवशी सोबत बटाट्याचे वेफर आणि गोड कॉफी असू नये.

डब्यासाठी मात्र वरच्या दोन्ही पद्धती सोडाव्यात. गरम सँडविच बंद डब्यात गेले की अर्ध्या तासात वाफेने लिबलिबीत होते. शाळेत किंवा कचेरीत न्यायचेच असेल तर ग्रिलमध्ये दाबून कडक केलेला, फक्त चीज घातलेला चपटा क्रोसाँ जाळीवर पूर्ण निववून, कागदात गुंडाळून द्यावा. तो गरम राहणार नाही, पण दुपारपर्यंत दाताखाली कुरकुरीत लागेल.