फायनल फँटसी ५ : सात महिने आणि २२ धंदे

गोष्ट चार ओळींत संपते. वारा थांबतो, जगाला तोलून धरणारे स्फटिक एकेक करून फुटतात, भटक्या बार्ट्झ, राजकन्या लेना, आठवण हरवलेला म्हातारा गॅलफ आणि समुद्री चाच्यांचा म्होरक्या फॅरिस एकत्र येतात. मूळचं झाड असलेला एक खलनायक सगळं जग शून्यात ढकलायला निघालेला असतो. गोष्टीसाठी गेम घेणार असाल तर याच मालिकेतला सहावा भाग घ्या. पाचवा घ्यायचा तो जॉबसाठी, म्हणजे चौघांना वाटून देता येणाऱ्या धंद्यांसाठी.

मी तो नोव्हेंबरात सेलमध्ये लॅपटॉपवर घेतला आणि शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, जूनमध्ये पाडला. रात्री ओटा आवरून झाला की पाऊण तास, असे मिळून ५८ तास झाले. मूळ गेम स्क्वेअर कंपनीने ६ डिसेंबर १९९२ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर आणला. इंग्रजीत तो अधिकृतपणे यायला १९९९ उजाडलं, तोही प्लेस्टेशनवर. तोवर चाहत्यांनी धीर सोडून स्वतःच इंग्रजी भाषांतर करून टाकलं होतं. मी खेळले ती २०२१ची पिक्सेल रीमास्टर आवृत्ती. चित्रं तीच जुन्या चौकोनी ठिपक्यांची, पण स्वच्छ. ती नव्याने काढताना देखरेखीला काझुको शिबुया होत्या, म्हणजे मूळची बुटकी, मोठ्या डोक्याची माणसं ज्यांनी काढली त्याच.

आता जॉब. पहिला स्फटिक फुटला की सहा जॉब हातात येतात: नाइट, मंक, चोर, पांढरा, काळा आणि निळा जादूगार. पुढे वाढत वाढत एकूण २२ होतात. चौघांपैकी कुणालाही, लढाई चालू नसेल तर कधीही, कुठलाही जॉब द्या. काल तलवार चालवणारा बार्ट्झ आज वीणा घेऊन गाणी म्हणतो आणि त्याबद्दल दंड काही नाही. आपल्याकडे बलुतं जन्माला चिकटायचं, इथे ते टोपीसारखं बदलता येतं. खरंच टोपीसारखं, कारण प्रत्येकाचा प्रत्येक जॉबमधला पोशाख वेगळा काढलाय आणि नवा जॉब मिळाला की मी आधी चौघांना तो घालून बघायचे, मग उपयोगाचा विचार करायचे.

खरी मेख पुढे आहे. लढाया जिंकून एबीपी नावाचे गुण मिळतात, त्यांनी जॉबची लेव्हल वाढते आणि त्या जॉबची एकेक विद्या कायमची तुमची होते. मग जॉब बदलला तरी बहुतेक जॉबमध्ये अशी एक विद्या बरोबर नेता येते. माझी लेना आधी पांढरी जादूगार होती. तिला नाइट केलं आणि पांढरी जादू बरोबर दिली, तर ती चिलखत घालून पुढे उभी राहते आणि मागच्यांना बरंही करते. पुढे फॅरिसवर मी जे शिजवलं त्याचा अजून अभिमान आहे. निंजाकडून दोन्ही हातांत शस्त्र, तिरंदाजाकडून एका वेळी चार वार, मिस्टिक नाइटकडून तलवारीवर चढवलेली जादू. एका पाळीत आठ वार. पहिल्यांदा ते आकडे पडद्यावर फुटताना पाहिले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच हसत होते.

लढाई पाळीपाळीने असली तरी घड्याळ थांबत नाही. प्रत्येकाची पट्टी भरली की त्याची पाळी. ही पद्धत बसवणारे हिरोयुकी इतो यांना ती फॉर्म्युला वनच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना पाहून सुचली म्हणतात. मालिकेत ती चौथ्या भागापासून आहे, पण ती पट्टी डोळ्यांना दिसायला लागली या पाचव्यात. सवय नसेल तर सेटिंगमध्ये ‘वेट’ ठेवा, म्हणजे जादू किंवा वस्तू निवडताना घड्याळ थांबतं. मी पहिले दोन महिने तेच केलं, लाज वाटायचं कारण नाही.

घड्याळाचा सगळ्यात जास्त छळ कर्नाकच्या किल्ल्यात. किल्ला उडणार म्हणून १० मिनिटांचं उलटं घड्याळ सुरू होतं आणि वाटेत जागोजागी पेट्या. मी हावरट. प्रत्येक पेटी उघडत गेले. काही पेट्यांतून पहारेकरी निघतात आणि मारामारीतही वेळ जातच राहतो, हे कळेपर्यंत सहा मिनिटं गेली होती. दारापाशी पोहोचले तर चाळीस सेकंद उरलेले आणि समोर बॉस. किल्ला उडाला, मीही उडाले. दुसऱ्या रात्री विजेच्या बिलाच्या मागे पेट्यांचा क्रम लिहून घेतला आणि रिबन नावाच्या संरक्षक वस्तूसकट सगळं घेऊन दीड मिनिट राखून बाहेर पडले.

निळ्या जादूगारावर वेगळा लेख होईल. तो शत्रूचे डाव अंगावर झेलून शिकतो. त्यातला एक ‘लेव्हल ५ डेथ’. समोरच्याच्या लेव्हलला पाचाने भाग गेला की तो खलास. प्राचीन ग्रंथालयात पुस्तकांची पानंच हल्ला करतात, तिथे माझे दोघं १५व्या लेव्हलला होते. गेले. चौथीतलं गणित इतकं महागात कधी पडलं नव्हतं. पण वसूलही केलं. बालच्या किल्ल्याच्या तळघरात दगडी पुतळे भेटतात, त्यांच्यावर हाच मंत्र चालतो आणि दर लढाईला ८ एबीपी मिळतात, त्या काळात भरपूरच. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत तिथे जॉब पिकवले.

गोष्टीला मी वर नावं ठेवली, पण एक प्रसंग त्याला अपवाद. (कळायला नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

जंगलाला आग लागलेली असते आणि म्हातारा गॅलफ एकटा खलनायकासमोर उभा राहतो. त्याचा जीव शून्यावर येतो. पडद्यावर शून्य दिसतंय, आणि तो पडत नाही, लढतच राहतो. लढाई संपल्यावर बाकीचे उपचाराचे मंत्र टाकतात, फिनिक्स डाउन, म्हणजे पडलेल्याला उठवणारी वस्तू, वापरतात. वीस तास जे प्रत्येक वेळी चाललं होतं ते आता चालत नाही. त्याच्या जागी नात क्राइल येते आणि आजोबांनी शिकलेली प्रत्येक विद्या तिच्या यादीत जशीच्या तशी असते. मी त्याला मंक म्हणून इतके दिवस घासलं होतं. ती यादी उघडली आणि त्या रात्री गेम बंद केला.

एरवी हा गेम बराच विनोदी आहे. गिल्गामेश नावाचा बढाईखोर दर वेळी हरून पळतो आणि एकदा मोठ्या थाटात जी दिव्य तलवार काढतो तिचा प्रत्येक वार फक्त १चा बसतो. पुलावरच्या त्याच्या लढाईला नोबुओ उएमात्सु यांनी दिलेली चाल माझ्या भाच्याने आता रिंगटोन केलीय.

तक्रारी आहेत. कुठे जायचं याची नोंद गेम ठेवत नाही. मार्चअखेरीला ऑफिसच्या कामामुळे तीन आठवडे उघडला नाही, परत आले तर समुद्राच्या मधोमध उभी आणि कुणी काय सांगितलं होतं ते काही आठवेना. चार पावलांवर होणाऱ्या लढाया जुन्या काळच्याच आहेत. या आवृत्तीत त्या बंद करता येतात, पण मग एबीपी कुठून आणणार? २००६च्या गेमबॉय ॲडव्हान्स आवृत्तीत जे चार जादा जॉब होते ते इथे नाहीत, ते मला खटकलं. आणि शेवटच्या भागातली पेटी. नुसती पेटी. उघडली तर आत शिनर्यू नावाचा ड्रॅगन, त्याची पहिलीच लाट आणि चौघं आडवे. पाणी शोषून घेणाऱ्या कोरल रिंग चौघांना घालून परत गेले तेव्हा कुठे आतली तलवार मिळाली.

शेवटच्या लढाईला मी चौघांचे जॉब काढून घेतले. फ्रीलान्सर, म्हणजे सुरुवातीचा बिनधंद्याचा जॉब. जपानीत त्याला ‘सुप्पिन’ म्हणतात, मेकअपशिवायचा चेहरा. पूर्ण शिकलेल्या सगळ्या जॉबची ताकद त्याला मिळते, त्यामुळे पहिल्या तासात ज्याला कुणी विचारत नाही तोच शेवटी सगळ्यात भारी ठरतो.

आता दुसरी फेरी चालू आहे. दरवर्षी उन्हाळ्यात मदतनिधीसाठी जगभरचे लोक एक स्पर्धा खेळतात: प्रत्येक स्फटिकातून नशिबाने आलेला एकच जॉब, चारांवर अख्खा गेम. मी घरीच चिठ्ठ्या केल्या आणि भाच्याला काढायला लावल्या. पहिली पांढरा जादूगार. दुसरी बर्सर्कर, जो तुमचं काहीही न ऐकता दिसेल त्याला हाणतो. “मावशी, हा अगदी आजोबांसारखा आहे,” भाचा म्हणाला. उरलेल्या दोन चिठ्ठ्या मसाल्याच्या डब्यामागे घडी करून ठेवल्यात, तिसरा स्फटिक फुटेपर्यंत उघडायच्या नाहीत असं ठरलंय.