इसबाच्या हातांसाठी कोकमतेल: दोन पावसाळ्यांचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात, ओले काजू सोलण्याच्या दिवसांत, माझ्या बोटांच्या कडांवर शिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड उठले. आठवडाभरात ते सुकून कातडी फाटली आणि मासळीला मीठ लावतानाही डोळ्यांत पाणी येऊ लागले. सावंतवाडीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा हातांचा इसब असल्याचे सांगितले. काजूच्या सालीतला चीक त्याला निमित्त झाला होता आणि दिवसभर पाण्यात, साबणात हात घालण्याने तो बरा होत नव्हता. त्यांनी रात्री लावायला दोन आठवड्यांपुरते स्टिरॉइडचे मलम दिले आणि त्याखेरीज दिवसातून अनेकदा हातांना स्निग्ध काहीतरी लावत राहायला बजावले. त्या 'काहीतरी'साठी मी वेंगुर्ल्याच्या बाजारातून घरगुती कोकमतेलाचा १०० ग्रॅमचा गोळा ९० रुपयांना आणला. त्याविषयी हे लिहीत आहे.

कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, आतला गर वाटून पाण्यात उकळला की वर येणारा स्नेह काढून त्याचे गोळे वळतात. तो साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतो, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित वरच, त्यामुळे थंड बोटांवर गोळा नुसता घासला तर तो पांढरट रेघा ओढतो आणि फाटलेल्या कातडीला खरचटतो. मला ही सवय लागायला महिना गेला: चमच्यात नखाएवढा तुकडा घेऊन दिव्यावर धरायचा, कोमट झाला की हात धुऊन, टिपून, कातडी जरा ओलसर असतानाच चोळायचा. पाण्याचा अंश आत अडकून राहावा हाच सारा उद्देश असल्याने कोरड्या हाताला लावून निम्माच उपयोग होतो. पुढे मी एक भाग कोकमतेलात दोन भाग खोबरेल मिसळून डबीत भरू लागले. ते मऊ राहते आणि दिवा लागत नाही. रात्री वर सुती हातमोजे घातले की सकाळी भेगांच्या कडा नरम झालेल्या असतात.

मात्र हे इसबाचे औषध नाही. फोड उठलेले असताना, कातडी लाल होऊन पाझरत असताना कोकमतेलाने माझी खाज तसूभरही कमी झाली नाही. तेव्हा मलमच लागले, तेही मोजून: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याआधी मी औषधाच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली, बुरशी, जंतू आणि सूज या तिन्हींवर चालणारी नळी दोन महिने लावली होती. त्याने बोटांची कातडी कागदासारखी पातळ झाली. इतरांवर ही वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे भेगांत बिब्ब्याचे तेल भरण्याचाही रिवाज आहे. काजू, आंबा आणि बिब्बा हे एकाच कुळातले आहेत आणि तिघांचाही चीक कातडी भाजून काढतो, म्हणून काजूचा त्रास असणाऱ्यांनी बिब्बा हाताशीही आणू नये. कोकम वेगळ्या कुळातले आहे. तरीही कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून चार-पाच दिवस पाहावे, मगच हातभर लावावे.

पावसाळ्यात कोकमतेलाची मर्यादा आणखी स्पष्ट झाली. जुलैत कपडे वाळत नाहीत, घाम सुकत नाही, अशा हवेत माझ्या भाचीच्या कोपराच्या लवणीतल्या इसबावर आम्ही जाड थर दिला, तर तिसऱ्या दिवशी तिथे घामोळे उठले. तिला डॉक्टरांनी सांगितलेले बिनवासाचे पातळ क्रीमच मानवले. फक्त उपयोगच पाहायचा तर कोणत्याही औषधाच्या दुकानातले साधे पांढरे पेट्रोलियम जेली माझ्या हातांवर कोकमतेलाइतकेच चालले, आणि ते वितळवावे लागत नाही. मी कोकमतेलाकडे वळते ते मुख्यतः घरात असते म्हणून आणि टाचांना त्याच्याइतके दुसरे काही टिकत नाही म्हणून.

विकत घेताना गोळा हातात घेऊन वास पाहावा. ताज्याला जवळजवळ वास नसतो. खवट वास येत असेल किंवा बोटाला बियांची कच लागत असेल तर तो परत ठेवावा, कारण फाटलेल्या कातडीवर ती कच सुईसारखी टोचते.