जुन्या पिकअपच्या हौद्याला व्हार्निश की तेल: १४ महिन्यांनंतर

हौदा गाडीवर परत चढवला त्याला आता १४ महिने झाले. नवं काम चकाकत असताना लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण पहिल्या महिन्यात कुठलंही पॉलिश देखणंच दिसतं.

गाडी शेव्हरोलेची, १९४७ ते १९५५ या काळातल्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतली. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा, दोन फळ्यांच्या सांध्यावर लांब लोखंडी पट्टी आणि तिच्यातून खाली आडव्या पट्ट्यांपर्यंत गेलेले बोल्ट. मुळात हे सगळं माल वाहायला होतं. साधं पाइन लाकूड, वर रंग, संपला विषय. आरशासारख्या फळ्या ही आपली नंतरची हौस, आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

पहिल्या वेळी मी घरातल्या फर्निचरला लावतात ते पॉलियुरेथेन मारलं. चार हात, वरून गुळगुळीत, खालून काहीच नाही. तीन महिन्यांत एका बोल्टभोवती नाण्याएवढा दुधाळ डाग दिसला. नखाने टोकरला तर पापुद्रा कागदासारखा सुटून हातात आला आणि खालचं लाकूड ओलं निघालं. पाणी वरून गेलंच नव्हतं, ते बोल्टच्या भोकातून आणि फळीच्या टोकातून शिरलं होतं. घरातलं पॉलियुरेथेन कडक असतं. उन्हापावसात लाकूड फुगतं, आक्रसतं, तेवढं ते ताणत नाही. शिवाय फळी वरून बंद आणि खालून उघडी राहिली की दोन्ही अंगांनी ओल सारखी घेत नाही आणि पन्हळीसारखी वाकते. माझ्या दोन फळ्या तशाच वाकल्या.

दुसऱ्या खेपेला सगळ्या फळ्या बदलल्या आणि व्हाइट ओक घेतलं. रेड ओकचा तुकडा आधी हाताशी होता. बोटभर लांबीचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकला तर चक्क बुडबुडे आले! त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर दारूची पिंपं त्याची करतात. ओकचं एक दुखणं मात्र आहे. त्यातलं टॅनिन ओल्या लोखंडाला लागलं की निळसर काळा डाग पडतो. साध्या बोल्टखाली माझ्याकडे तो पडलाच. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून लावल्यावर गेला (हे विषारी असतं, हातमोजे घाला आणि नंतर फळी भरपूर पाण्याने धुवा). मग सगळे बोल्ट स्टेनलेसचे केले.

आता मुख्य गोष्ट. उजव्या अर्ध्या हौद्याला शुद्ध टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं, लाकडात मुरून वाळणारं तेल) लावलं आणि डाव्या अर्ध्याला स्पार व्हार्निश, म्हणजे बोटींच्या डोलकाठ्यांना लावतात ते. त्यात तेलाचं प्रमाण जास्त, त्यामुळे थर लवचीक राहतो, आणि अतिनील किरणं शोषणारे घटकही असतात. एपॉक्सीचाही विचार केला होता, पण ऊन लागलं की ते पिवळं पडून पिठाळतं, म्हणजे वरून व्हार्निश लागतंच. जवसाचं तेल एका फालतू तुकड्यावर लावून बाहेर ठेवलं, त्याच्यावर काळी बुरशी आली. विषय तिथेच बंद.

भोकं आधी पाडून घेतली, १५० नंबरच्या पेपरने घासलं. व्हार्निशचा पहिला हात अर्धाअर्धी पातळ केला म्हणजे तो आत मुरतो. एकूण सात हात, मध्ये २२० ने हलकं घासून, खालच्या अंगालाही तेवढेच. फळ्यांची टोकं मात्र पाणी पितात तसं व्हार्निशही पितात; तिथे तीन हात जास्त गेले तरी पहिले दोन कुठे गेले कळलं नाही. भोकांच्या आत बारीक ब्रश फिरवला. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि टिकाऊपणा याच कामावर ठरला. तेलाचंही तसंच, फक्त अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून काढायचं आणि दोन हातांमध्ये दिवस जाऊ द्यायचे. त्या चिंध्या गोळा करून टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. मी त्या एकेक पसरून उघड्यावर वाळवल्या.

सातव्या महिन्यापर्यंत डावी बाजू जिंकत होती. येणारा-जाणारा तिच्याकडेच बघायचा. मग एक लोखंडी पेटी ओढताना तिचा कोपरा घासला. ओरखडा वीतभर. आठवडाभर दुर्लक्ष केलं, तेवढ्यात रेषेच्या कडेने पाणी आत गेलं आणि लाकूड करडं पडलं. दुरुस्तीसाठी भोवतालचा थर घासावा लागला, आणि तो ठिगळासारखा भाग आजही तिरप्या उन्हात दिसतो.

उजवी बाजू सहाव्या महिन्यातच निस्तेज झाली. आधी पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे, ते पसरायला लागले. ओरखडे तिच्यावर डावीपेक्षा जास्त आहेत. पण एका संध्याकाळी धूळ धुऊन, वाळवून, एक हात तेल पुसलं आणि ती पूर्ववत झाली. एकही बोल्ट उघडला नाही. तेव्हापासून असं दोनदा केलंय.

मागच्या फळक्याजवळ, जिथे ऊन थेट पडतं, तिथे दोन्ही बाजू आधी थकल्या. ऊन पारदर्शक थरातून आरपार जाऊन लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक, कुजवतं, आणि मग थर धरायला खाली काही उरत नाही. रंगात हा त्रास कमी, हे जुन्या कारखानदारांना माहीत होतं बहुतेक.

गाडी छताखाली असेल आणि हौद्यात फार तर सतरंजी जाणार असेल, तर स्पार व्हार्निश घ्या, दिसायला त्याला तोड नाही. माझ्या गाडीत विटा, फांद्या, सायकली सगळं जातं. म्हणून पुढच्या वेळी डावी बाजूही खरवडून तेलावर घेणार आहे. तो पहिला दुधाळ डाग पडला होता त्या जागेवरचा बोल्ट परवा उघडून बघितला, भोक आतून कोरडं होतं.