ओलीची भिंत स्वतः दुरुस्त केली, आज दहा महिने झाले: काय टिकलं, काय नाही

पावसाळा पूर्ण जाऊ दे, मगच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण वॉटरप्रूफिंग केल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्याच भिंती छान दिसतात. आता दहा महिने झालेत, मधे चांगला धो धो पाऊस होऊन गेलाय, म्हणून लिहितोय.

आमच्या आईच्या खोलीतली बाहेरच्या बाजूची भिंत खालून साधारण अडीच फुटांपर्यंत कायम ओली. पोपडे, पांढरा लोणा, आणि कुबट वास. दोनदा पुट्टी मारून रंग दिला, दोन्ही वेळा सहा महिन्यांत परत तेच. मग एका कामगाराने सांगितलं की जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना कागद असलेला जिप्समचा तक्ता) मारून टाका, भिंत दिसणारच नाही. मारला. आणि खरंच दिसेनाशी झाली, पण आईचा दमा वाढत चालला आणि वास काही जाईना, म्हणून एके दिवशी खालचा एक बोर्ड मीच उचकटून काढला. मागचा कागद बोटभर जाडीच्या काळ्या बुरशीने भरलेला होता, आणि बोर्ड खालून इतका मऊ झालेला की अंगठा दाबला तर आत जायचा. आई वर्षभर त्याच्यापासून दीड फुटावर झोपत होती. ते बघितल्यावर ठरवलं की आता हे काम मी स्वतः करणार, आणि पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय भिंतीला काहीही लावणार नाही.

पाण्याचा शोध हाच या सगळ्या कामाचा अर्धा भाग आहे, आणि बहुतेक लोक नेमका तोच सोडतात. भिंत ओली दिसण्याची मुख्य कारणं तीन: जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, बाहेरून पाऊस आत झिरपतो, किंवा खोलीतल्याच हवेची वाफ थंड भिंतीवर जमते. तिघांचा उपाय वेगळा. मी दीड फुटाचा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला आणि दोन दिवस ठेवला. काढला तर खोलीकडची बाजू कोरडी, भिंतीकडची बाजू ओली. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं, हवेतून नाही. हे उलटं निघालं असतं तर वॉटरप्रूफ कोटिंगवर एक पैसाही घालवायची गरज नव्हती, खिडक्या उघड्या ठेवून आणि एक्झॉस्ट लावून काम भागलं असतं.

मग बाहेर जाऊन बघितलं तर दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे बाहेर झाडांसाठी माती टाकत टाकत ती आतल्या फरशीच्याही वर आली होती. बाहेरची जमीन जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा (जमिनीतली ओल भिंतीत वर चढू नये म्हणून घातलेला थर) निदान १५० मिमी खाली पाहिजे, नाहीतर तो थर असून नसल्यासारखा. दुसरी गोष्ट खिडकीच्या खालच्या कट्ट्याची. कट्ट्याच्या तळाला पाणी थेंबून खाली पडण्यासाठी खाच असते, ती आमच्याकडे नव्हतीच. पाऊस चालू असताना मी खाली वाकून बघितलं, तर पाणी कट्ट्याच्या कडेवरून खाली न पडता तळाला चिकटून उलटं भिंतीकडे जात होतं आणि एका केसाएवढ्या चिरेत शिरत होतं. बस, तेवढी ती चीर. माती उपसली, ग्राइंडरने खाच पाडली, चीर व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) भरली. माझं मत विचाराल तर दहा महिन्यांत जो फरक पडलाय त्यातला मोठा वाटा या बाहेरच्या कामाचाच आहे.

आतलं काम मग. जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत पूर्ण काढला, विटा दिसेपर्यंत. (स्विचबोर्डाच्या जवळपास छिन्नी चालवण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसाला फार वाईट.) लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडला, पाण्याने धुतला नाही, कारण धुतलं की क्षार परत विटेत जातात. मग सहा आठवडे भिंत तशीच उघडी, पंखा लावून. घरात सगळे वैतागले, पण वीटकाम सुकायला इंचाला साधारण एक महिना लागतो असं धरतात, त्यामुळे हे सहा आठवडेसुद्धा कमीच होते.

कोटिंग मी दोन भागांचं घेतलं, पावडर आणि लिक्विड, सिमेंटवालं, जे किंचित दमट भिंतीवरही धरतं. सांधे आधी मालाने भरले, भिंत आणि फरशी मिळते तिथे कोपऱ्यात गोलाई काढली, मग पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात उभा. दुसरा हात ओला असतानाच त्यावर वाळू फेकली म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. ही वाळू विसरू नका, गुळगुळीत कोटिंगवर माल धरत नाही.

गिलावा १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), चाळलेली वाळू, १२ मिमी जाड. हे मात्र हाताला यायला वेळ लागतो हो. पहिले दोन दिवस माल थापीवरून सुटून पायावर पडत होता, कारण मी पाणी जास्त घालत होतो. माल थापीवर उभा धरला तरी घसरू नये इतपत हवा. जेवढा अर्ध्या तासात संपेल तेवढाच कालवायचा, आणि घट्ट व्हायला लागला की वरून पाणी घालून परत वापरायचा नाही. पट्टी मारली, मग रंध्याने गोल गोल घोटलं, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. हातमोजे न घालता पहिला दिवस काम केलं तर बोटांची टोकं सिमेंटने सोलून निघाली, आठवडाभर जेवताना झोंबत होतं. या भिंतीवर जिप्सम किंवा पीओपीचं काहीही लावलं नाही, पाणी लागलं की ते मऊ पडतंच.

जिप्सम बोर्ड मारले ते समोरच्या कोरड्या भिंतीवर. १२.५ मिमीचे, चॅनेल (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात त्या पत्र्याच्या पट्ट्या) दोन-दोन फुटांवर, स्क्रू साधारण फुटावर, आणि खाली फरशीपासून १० मिमी जागा सोडून. कापणं अगदी सोपं, समोरच्या कागदावर कटरने रेघ मारायची, मागे मोडायचा, मागचा कागद कापायचा. स्क्रूचं डोकं जरासं आत जायला हवं पण कागद फाटता कामा नये, फाटला तर तो स्क्रू काहीच धरत नाही, शेजारी दुसरा मारायचा. आणि हिरव्या कागदाचा बोर्ड दमट हवेला चालतो, पण ओल्या भिंतीचा इलाज म्हणून तो घेऊ नका.

आता दहा महिन्यांनंतरची स्थिती. मुख्य भिंत कोरडी आहे, हात लावून, वास घेऊन, फॉइल परत लावून बघितलंय. पण पाचव्या महिन्यात स्विचबोर्डाखाली तळहाताएवढ्या जागेत लोणा फुलला. कारण सापडलं, वायरच्या पाइपामागे ब्रश पोचला नव्हता, तिथे कोटिंगच नव्हतं. तेवढा तुकडा परत उघडून केला, त्यानंतर काही नाही. अजून एक आहे, कोटिंग आतून लावलं की वीट आतून ओलीच राहू शकते आणि पाणी कोटिंग संपतं त्याच्या वर वाट काढू शकतं. माझ्याकडे अजून तसं दिसलं नाही, पण मी दर महिन्याला ती रेषा तपासतो.

बोर्डाच्या भिंतीत दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. चूक माझीच, दोन बोर्डांचा सांधा मी बरोब्बर दरवाजाच्या कोपऱ्यावर आणला. तिथे एकच बोर्ड एल आकारात कापून बसवायला हवा होता. बाकीच्या सांध्यांना कागदी टेप आणि सांधे भरायच्या कंपाउंडचे तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला, ते सगळे शाबूत आहेत. शेल्फ जिथे लावायचं तिथे आधीच मागे प्लाय घातला होता, तो भार नीट घेतोय.

रंग मी गिलाव्यानंतर सहा आठवड्यांनी दिला, हवा खेळू देणारा, चकचकीत ऑइल पेंट नाही. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ठेवलंय. आईचा पलंग गेल्या महिन्यात परत खिडकीखाली नेला, तिला तिथलीच जागा हवी होती. बोर्डाची भेग या सुट्टीत खरवडून, टेप घालून परत भरणार आहे.