मळलेल्या सळईपायी ११,६४० डॉलर

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सांगलीला शिकलो, चाकणला सात वर्षं काढली, अमेरिकेत येऊन अठरा वर्षं झाली. "अरे, एवढं शिकून..." असं कुणी म्हणणार असेल तर ते माझ्या बायकोचं म्हणून झालंय, दोन्ही मेव्हण्यांचंही. एका फर्नेसवाल्याने मला कसं गंडवलं, ते लिहायची लाज वाटते. पण थंडी परत सुरू झालीये, टपालपेटीत '७९ डॉलरमध्ये फर्नेस ट्यून-अप'ची रंगीत कार्डं परत पडायला लागलीत, आणि परवा मंडळाच्या फराळाला एकजण म्हणाला, "मी कार्ड फ्रिजला लावून ठेवलंय, वेळेला असावं." मग मात्र राहवलं नाही.

देशातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आम्ही ग्रेट लेक्सच्या पट्ट्यात राहतो. जानेवारीत बाहेर उणे वीस सेल्सिअस सहज होतं. बेसमेंटमधली फर्नेस गॅस जाळून हवा तापवते आणि पत्र्याच्या डक्टांमधून घरभर फिरवते. ती बंद पडली की माणसं तर गारठतातच, पण नळातलं पाणी गोठून पाइप फुटायचीही भीती असते. हीच भीती ही कार्डवाली मंडळी विकतात.

दुखणं नोव्हेंबरपासूनचं. थर्मोस्टॅटने हाक मारली की खटकन आवाज व्हायचा, इग्नायटर लालभडक व्हायचा, भक्कन जाळ लागायचा आणि चार-पाच सेकंदांत गप्प. परत तेच. तिसऱ्यांदा लागला तर लागला, नाही तर मशीन रुसून तासभर बसायचं. मी खाली जाऊन बाजूचं स्विच बंद-चालू करायचो, की चालू व्हायची. वरच्या बेडरूम गार राहायच्या, गॅसचं बिल वाढलं होतं. फिल्टर बदलायचा राहिला होता. त्याच्या पुठ्ठ्यावर मीच पेनने लिहिलेली तारीख जूनची होती आणि मधला कागद तव्याच्या बुडासारखा काळा. सर्व्हिसिंगला आलीये म्हणून यापेक्षा जास्त काय ओरडून सांगायचं त्या बिचारीने? पण ऑफिसात डिसेंबरची रिलीज होती, आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आली होती, मुलीची परीक्षा. राहिलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती कायमची गप्प झाली. पुढे सलग सुट्टी, कारण जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा. घरात चौसष्ट फॅरेनहाइट, म्हणजे अठरा सेल्सिअसच्या आसपास, मग एकसष्ट, म्हणजे सोळा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन स्वेटरवर शाल घेऊन सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली, आणि वर मलाच म्हणतेय, "असू दे रे, मला नाही लागत थंडी." तुमची आई असती तर तुम्ही तीन ठिकाणांहून दर मागवत बसला असता का? मी कार्डावरचा नंबर फिरवला. माणूस चाळीस मिनिटांत हजर. एवढ्या थंडीत, लाँग वीकेंडच्या तोंडावर, चाळीस मिनिटांत! तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

पोरगा चांगला होता, हेच वाईट. तिशीतला, बुटांवर निळी प्लॅस्टिकची कव्हरं घालून आला, आईला वाकून हॅलो म्हणाला. वीस मिनिटं खाली खुडबूड केली आणि गंभीर चेहऱ्याने मला बोलावलं. धुराच्या नळीला त्याने एक भोक पाडलं होतं. माझ्यासमोर जंपर, म्हणजे तात्पुरती वायर, लावून फर्नेस पेटवली, त्या भोकात मीटरची सुई खुपसली आणि आकडा माझ्याकडे वळवला: ८७. "कार्बन मोनॉक्साइड, ८७ पीपीएम. घरात म्हातारं माणूस आहे ना?" विषारी वायू तो, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

इथे मी थांबतो, कारण गेले दहा महिने मी रोज रात्री इथेच थांबतोय. सुई धुराच्या नळीत होती. धूर बाहेर न्यायची ती नळी, तिच्यात धुरातला वायू असणार नाही तर काय मोगऱ्याचा वास असणार? मोजायचं होतं ते आम्ही श्वास घेतो त्या हवेत. मी शेजारी उभा होतो. भोक पाडलेलं मला दिसत होतं. आणि बेसमेंटच्या जिन्यातच, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला आहे, आकडा दाखवणारा. त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोरून चार वेळा वर-खाली केलं. त्यावर हिरवं शून्य होतं. इथले घरगुती अलार्म हवेत ७० पीपीएम असेल तर एक ते चार तासांत बोंबलायलाच हवेत अशा बेताने बनवलेले असतात. तो गप्प होता. मी शून्याकडे बघितलं नाही, ८७ कडे बघितलं.

मग त्याने टॅब्लेटवर व्हिडिओ दाखवला. आत कॅमेरा घातला होता म्हणे. गंजलेला पत्रा, त्यात नखभर चीर. "हीट एक्सचेंजर क्रॅक झालाय. मला कायद्याने ही चालू ठेवता येत नाही." हीट एक्सचेंजर म्हणजे जाळाचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारे पत्र्याचे कप्पे. गॅसचा कॉक बंद केला, वर लाल टॅग अडकवला. लाल टॅग बघितल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. माझं तरी नाही चाललं.

दर: नवी फर्नेस बसवून ११,६४० डॉलर. त्यातले २,००० लगेच क्रेडिट कार्डावर. राहिलेल्या ९,६४० चं कर्ज त्यानेच टॅब्लेटवर पाच मिनिटांत मंजूर करून दिलं, १७.९९ टक्क्यांनी, दहा वर्षं, महिना १७३ डॉलर ६४ सेंट. मी व्याजाचा आकडा वाचला नाही, हप्त्याचा वाचला. दहा वर्षांचे हप्ते २०,८३६ डॉलर ८० सेंट होतात. वर ते २,००० आणि ट्यून-अपचे ७९. हो, तेही घेतले.

सगळ्यात शेवटी त्याने एक कोरा कागद पुढे केला. "इन्शुरन्ससाठी लागतं," म्हणाला, आणि मी त्याने सांगितलेलं माझ्या हाताने लिहिलं: घरात हीटिंग नाही, ही तातडीची परिस्थिती आहे, तीन दिवसांत करार रद्द करायचा हक्क मी सोडत आहे. खाली तारीख, सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन केलेल्या विक्रीला फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, नियम लागू होतो: तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ग्राहक करार मोडू शकतो. शनिवार धरतात, रविवार आणि सरकारी सुट्टी धरत नाहीत. म्हणजे मला बुधवारची रात्र होती. पण खरोखरची तातडी असेल आणि ग्राहकाने स्वतःच्या अक्षरात तसं लिहून दिलं असेल, तर हा हक्क जातो. त्या कागदाशी इन्शुरन्सचा काडीचा संबंध नव्हता. तुमच्या हातात कोणी पेन देऊन "मी सांगतो ते लिहा" म्हटलं, की पेन खाली ठेवा.

शनिवारी दोघे आले, चार तासांत नवी बसवली. जुनी गॅरेजमध्ये टाकून गेले, व्हॅनमध्ये जागा नाही, मंगळवारी नेतो म्हणाले. मंगळवारी आलेच नाहीत. या प्रकरणात नशीब एवढंच.

नवी फर्नेस आठवडाभर विचित्र वागत होती; पाच मिनिटं धडाक्यात चालायची, बंद, परत धडाक्यात. मित्राने त्याचा नेहमीचा माणूस पाठवला, साठीचा, कमी बोलणारा. १२० डॉलर घेतले. त्याने आधी नवीवरचं लेबल वाचलं: एक लाख बीटीयू, म्हणजे तासाला किती उष्णता त्याचं माप. जुनी ऐंशी हजारांची होती आणि आमच्या घराला तीही भरपूर, म्हणून ही नवी सारखी चालू-बंद. मग गॅरेजमध्ये गेला, जुनीचं दार काढलं, एक स्क्रू सोडवून पेन्सिलीपेक्षा बारीक एक सळई बाहेर काढली. फ्लेम सेन्सर. जाळ लागलाय की नाही हे त्या सळईतून वाहणाऱ्या नखाएवढ्या करंटवरून मशीनला कळतं. तिच्यावर पुटं चढली की जाळ असूनही मशीनला दिसत नाही आणि ते गॅस बंद करतं. सळई राखाडी-पांढरी झाली होती, न धुतलेल्या चमच्यासारखी. त्याने बारीक स्टीलवूलने अर्धा मिनिट घासली, ती चमकली. "एवढंच," म्हणाला. नवी घेतली तर वीस-पंचवीस डॉलरला मिळते.

मग त्याने स्वतःचा कॅमेरा आत घातला. चारही कप्पे धड. चीर नाही, गंजही नावापुरता. मी फोनवर आलेला तो 'पुराव्याचा' व्हिडिओ उघडून दाखवला. म्हातारा हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, मोज. माझ्या फर्नेसला चार बर्नर. व्हिडिओतल्या फर्नेसला पाच.

चार आणि पाच! बालवाडीतलं पोरही मोजेल.

रात्री आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी चहा घेऊन खाली गेले होते ना, तेव्हा तो मोबाइलवर काहीतरी शोधत बसला होता. मशीनचं दार लावलेलंच होतं." मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? "तू इंजिनिअर, मी काय बोलणार?" चहा दिला होता त्याला आम्ही. आल्याचा.

आणि समजा, खरंच चीर असती. जुनी अकरा वर्षांची होती. बऱ्याच कंपन्या हीट एक्सचेंजरवर वीस वर्षं, काही तर आजन्म वॉरंटी देतात. मजुरी द्यावी लागते, भाग फुकट मिळतो. लेबलवरचा सीरियल नंबर घेऊन एक फोन केला असता तर कळलं असतं. तो फोन त्याने करायला हवा होता का मी, यावर घरात अजून एकमत नाही.

आता तक्रारींची वारी. कंपनीचा फोन लागतो, माणूस लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या बँकेत वाद दाखल केला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की माल मिळालाय, बसवलाय, चालतोय, सबब दावा फेटाळला. कर्ज देणारे म्हणाले, आम्ही फक्त पैसे देतो, फर्नेसमधलं आम्हाला काय कळतं. ग्राहक तक्रारींच्या सरकारी खात्याने अकरा पानांचा फॉर्म भरून घेतला, क्रमांक दिला आणि अडीच महिन्यांनी कळवलं की तुमची तक्रार कंपनीला पाठवली आहे, कंपनीचं म्हणणं सोबत जोडलं आहे. सोबत काय, तर माझ्याच अक्षरातला तो कागद! आम्ही वैयक्तिक वादात पडत नाही, हे खाली छापील. परवाना देणारं खातं म्हणालं, परवाना वैध आहे, कामाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर स्थानिक इन्स्पेक्टरकडे जा. इन्स्पेक्टरकडे गेलो तर त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून विचारलं, या कामाचं परमिट कुठे आहे? परमिट कंपनीने काढलंच नव्हतं. ठीक, म्हटलं, आता तरी सापडले. नाही. नोटीस मला! घर माझं, म्हणून जबाबदारी माझी. परमिटची फी १४० डॉलर आणि उशिराचा दंड तेवढाच, एकूण २८० मी भरले. फसवला गेलो मी, दंड मला, आणि खिडकीतली बाई वर मला सांगते, "पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी परमिट बघत जा." मॅडम, बाहेर उणे वीस होतं. पोलिसांनी तर दोन मिनिटांत वाटेला लावलं: तुम्ही सही केलीत ना, मग हा दिवाणी मामला. आपल्याकडे सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे थांबायला लावत नाहीत, पुढच्या खिडकीचा पत्ता देतात, गोड हसून.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नाही, मीच करार तिसऱ्यांदा वाचताना सापडली. मागच्या पानावर ठळक ठशात 'नोटीस' म्हणून एक परिच्छेद आहे. विकणाऱ्यानेच कर्ज जुळवून दिलं असेल, तर विकणाऱ्याविरुद्धची ग्राहकाची तक्रार कर्ज देणाऱ्यालाही लागू होते. हाही फेडरल नियम आहे, १९७६ पासूनचा. तो परिच्छेद, दोन्ही व्हिडिओ आणि म्हाताऱ्याचा लेखी रिपोर्ट जोडून कर्जवाल्यांना पत्र पाठवलं, तेव्हा कुठे "आम्ही तपासतो" एवढं उत्तर आलं. वकिलाने पहिल्या भेटीचे ३०० घेतले आणि तो म्हणाला, हे आधी करायला हवं होतं. हे वाक्य मला आता पाठ झालंय.

तुम्ही निदान एवढं करा. फिल्टर आज जाऊन बघा, वाचून झाल्यावर नाही, आता. जाळ लागून लगेच विझत असेल तर आधी सेन्सरबद्दल विचारा. फर्नेसच्या बोर्डावर एक दिवा लुकलुकत असतो, किती वेळा ते मोजा. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात दिलेला असतो. भिंतीतून फर्नेसचे पांढरे पाइप बाहेर गेले असतील तर त्यांच्या तोंडावर बर्फ साचलाय का बघा, त्यानेही बंद पडते. जाळ निळा हवा. पिवळा, लवलवता दिसला तर थांबू नका. चीर खरीही असू शकते, थट्टा नाही. अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११, इथला आणीबाणीचा नंबर, लावा, खिडक्या उघडत बसू नका. पण अलार्म गप्प आणि माणूसच बोलतोय, तर दुसऱ्याला बोलवा. बऱ्याच ठिकाणी गॅस कंपनी स्वतः येऊन कार्बन मोनॉक्साइड मोजून देते. रात्र काढायला विजेचा हीटर पुरतो, भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा, एक्स्टेंशनवर नको. नळ बारीक धारेने सोडून ठेवा. आमच्याकडे तसा हीटर होता. गॅरेजमध्ये, माळ्यावर, खोक्यात. ६० डॉलरचा.

आणि जुनं मशीन नेऊ देऊ नका. माझं अजून गॅरेजमध्ये आहे, गाडी बाहेर बर्फात उभी असते. दहा हप्ते गेलेत. अकरावा पाच तारखेला.