नवा गुडघा, सव्वा वर्ष वापरून: चाल सुधारली, दुखणं मात्र राहिलं

उजवा गुडघा बदलून सव्वा वर्ष होत आलं. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांचा अनुभव सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या काळात सगळ्यांचंच दुखतं, आणि 'धीर धरा, कमी होईल' हे सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. ज्यांचं कमी होत नाही त्यांचं पुढे काय होतं, ते कुणी बोलत नाही. माझं कमी झालं नाही. म्हणजे जुनं गेलं आणि त्याच्या जागी वेगळंच एक आलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते. वय त्रेसष्ट, जन्म सगळा पायमशीनवर गेला. उजव्या गुडघ्यातली कुर्चा पार झिजून हाडाला हाड लागत होतं, पाय गुडघ्यातून बाहेरच्या अंगाला वाकला होता. गोळ्या, तेलं, पट्टा, इंजेक्शनं सगळं करून झालं होतं. ऑपरेशन करायचं की नाही असा प्रश्नच उरला नव्हता.

आधी जे चांगलं झालं ते सांगते, कारण ते खरं आहे. पाय सरळ झाला. मोती चौकातून अस्तर, हुक, दोरे घेऊन मी आता चालत घरी येते. पूर्वी रिक्षाशिवाय जमत नव्हतं. जिना चढते, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे फिजिओथेरपीच्या बाईंनी इतकं घोकून घेतलंय की झोपेतही चुकणार नाही. गुडघा 115 अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, कमोड, एसटीची पायरी एवढ्याला तो पुरतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं संपलं. चौरंगावर बसून पूजा नाही, हळदीकुंकवाला मला खुर्ची. त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण ते आधीच सांगितलं होतं. आत मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमची टोपी आहे, नडगीवर टायटॅनियमची थाळी आणि मधे प्लास्टिकची चकती. चालताना कधी 'टक' असा आवाज येतो. तो चालतो म्हणे. टिकण्याचं म्हणाल तर असे शंभर गुडघे बसवले तर पंचवीस वर्षांनी त्यातले ऐंशीच्या आसपास अजून कामात असतात. म्हणजे माझ्या वयाला काळजी नाही.

आता दुखण्याचं.

जुना ठणका हाडाच्या आत असायचा. भार टाकला की दुखायचं, पाय लांब केला की थांबायचं. तो पूर्ण गेला. नवं दुखणं कातडीजवळचं आहे. व्रणाच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, बोटाच्या पेराएवढी एक जागा आहे. तिथे कापड घासलं की झिणझिणत कळ सुटते ती थेट नडगीपर्यंत. धक्का लागला तर एवढं होत नाही, नुसत्या स्पर्शाने होतं. मलमल चालते, जुनी वॉयल चालते. पण खळ दिलेल्या सुती साडीच्या निऱ्या पावलागणिक त्या जागेवरून गेल्या की डोळ्यांत पाणी येतं. रात्री चादर नको वाटते. आणि व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधीर, तिथे चिमटा काढला तरी कळत नाही. एकाच गुडघ्यावर हे दोन्ही.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे दर खेपेला एकच उत्तर मिळालं: एक्स-रे उत्तम आहे. तो उत्तम होता यात शंका नाही, पण मी काही एक्स-रे दुखतोय म्हणून गेले नव्हते. नातेवाइकांनी तर निकालच लावला की हिने व्यायाम केला नसणार. आमचे हे तेवढे म्हणाले, 'दुसरीकडे दाखवू या.'

पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांनी कुठल्याही मशीनवर तपासण्याआधी माझा खुबा फिरवून पाहिला आणि पाठ तपासली, कारण खुब्याचं किंवा मणक्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. मग सीआरपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्या. सुईने सांध्यातलं पाणी काढून तेही तपासायला पाठवलं. आत जंतुसंसर्ग नाही, इम्प्लांट म्हणजे बसवलेला सांधा ढिला झालेला नाही, सांधा लटपटत नाही, हे आधी नक्की करायचं असतं. यातलं काही निघालं असतं तर उपाय वेगळा होता. काहीच निघालं नाही. तेव्हा त्यांनी त्या पेराएवढ्या जागी बधिरीचं लहानसं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी मी स्वतःच्या हाताने तिथे ओढणी घासून पाहिली. काही नाही. असर संध्याकाळपर्यंत टिकला, मग कळ परत आली. पण दुखणं कुठून येतंय ते कळलं.

गुडघ्याच्या पुढून एक बारीक नस आतून बाहेर आडवी जाते आणि ऑपरेशनचा काप उभा असतो. त्यामुळे ती बहुतेकदा कापली जाते. बाहेरची बधिरता त्यातूनच येते आणि ती जवळजवळ सगळ्यांना कमीजास्त असतेच. काहींच्या बाबतीत कापलेलं टोक चिडतं, तसं माझं झालं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की गुडघा बदलल्यावर साधारण पाचातल्या एकाला लांबलेलं दुखणं राहतं. कारणं वेगवेगळी, पण प्रमाण एवढं. 2000 साली वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत डॉ. राणावतांनी बदलला तेव्हापासून हे ऑपरेशन घरोघरी ठाऊक झालं. हा पाचातला एक मात्र कुणाला ठाऊक नसतो. सही घेताना मला रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, भूल हे सगळं वाचून दाखवलं होतं, हे नव्हतं. माझी खरी तक्रार एवढीच आहे.

आणखी एक त्यांनी बजावलं: कारण सापडल्याशिवाय नुसतं दुखतंय म्हणून गुडघा पुन्हा उघडायचा नाही, त्याने सहसा फायदा होत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण एका ओळखीच्या बाईंना असंच कारणाशिवाय गुडघा पुन्हा उघडायचा सल्ला मिळाला होता.

उपाय काय केले? आधी प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली, तिने दिवसभर झापड यायची आणि घोटे सुजायचे, ती बंद झाली. मग डुलोक्सेटिन. मुलाने मोबाईलवर पाहून सांगितलं, 'आई, ही तर डिप्रेशनची गोळी.' आहेच, पण नसांच्या दुखण्यावरही तीच देतात. पहिला आठवडा मळमळलं, नंतर रात्रीची झोप परत आली. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर जवळजवळ निकामी, वर मूत्रपिंडाची भीती.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फुकटचं होतं. फिजिओच्या बाईंनी सांगितलं की त्या जागेला स्पर्शाची सवय करायची, मऊपासून खरखरीतपर्यंत. मी म्हटलं, कातरणांची पिशवी घरातच आहे. साटीनपासून सुरुवात केली. दिवसातून तीन वेळा, दोन-दोन मिनिटं, सगळीकडून हलक्या हाताने. साटीन सहन झालं की मलमल, मग टू बाय टू, मग खण, मग खादी. खणाच्या काठावर मी महिनाभर अडकले होते. सध्या टॉवेलवर आहे. खळीच्या साडीची कळ गेलेली नाही, पण पूर्वी ती दहापैकी आठ होती, आता चारवर आली. डॉक्टरांनी नस रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेने शेकण्याचा पर्याय दिलाय, तो मी तूर्त मागे ठेवलाय.

मशीनला मोटर बसवली, पॅडल डाव्या पायाला घेतलं. एका बैठकीत दोन ब्लाऊज शिवायचे दिवस गेले. एक बाही झाली की उठायचं, खोलीत फेरी मारायची. नाहीतर गुडघा आखडतो आणि पहिली चार पावलं कुणाच्या तरी खांद्याला धरून टाकावी लागतात.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण गुडघ्याला तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी. बिलात इम्प्लांट वेगळं दाखवलेलं असतं, ते बघून घ्या. कंपनीचं नाव आणि नंबर असलेला स्टिकर जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा तोच मागितला.

हे ऑपरेशन करू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. चालता येत नसेल तर करा. फक्त सही करण्याआधी विचारा: दुखणं राहिलं तर पुढे तुम्ही काय करता? डावा गुडघाही आता कुरकुरतोय. यंदाची दिवाळीची शिलाई हातावेगळी झाली की पुण्यात दाखवायचाय, आणि हा प्रश्न तेव्हा मीच आधी विचारणार आहे.